नॅपकिनच्या होड्या

“चोग्ले! तुमचे कोळी आले!”

मिसेस व्हिटकॉमनी डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई चक्क खुर्चीतून उठून उभी राहिली. मी त्यांच्यापुढं सूप ठेवत होतो. शेवंडीचं, वर केशराच्या दोन काड्या.

“कुठं, मॅडम?”

“ते काय, उजव्या हाताला. शर्ट हलवताहेत बघा. अगदी तुम्ही सांगितलं होतं तस्सं!”

झालं. साठेक माणसं खुर्च्या सारून कठड्याकडं धावली. प्रत्येकाच्या ताटात मी सकाळी घडी घालून ठेवलेली नॅपकिनची होडी होती. पांढरीशुभ्र, कांजी केलेली, ताठ शिडाची. त्या सगळ्या होड्या एका झटक्यात उलगडल्या आणि वाऱ्यावर फडफडायला लागल्या.

ही गोष्ट मी अर्धी शंभरदा सांगितलीय. उरलेली अर्धी आज.

माझं नाव बाळकृष्ण चोगले, मुक्काम सुरूबंदर, दापोलीच्या खाली. नकाशात शोधू नका. नकाशा काढणारे आले त्या दिवशी मी त्यांना चुकून शेजारच्या खाडीत पाठवलं होतं. आमचा घरचा धंदा मासेमारीचा. पण माझ्या जाळ्यात मासे कमी आणि गोष्टी जास्त यायच्या, म्हणून बापानं मला मुंबईला हाकललं. तिथून मी गेलो परदेशी जहाजावर, वाढपी म्हणून. मालाची जहाजं नव्हेत, सहलीची. तरंगतं शहरच म्हणा. पोहायचे तलाव तीन, नाटकगृह एक, आणि जेवायच्या जागा इतक्या की एकोणतीस वर्षांत दोन मला सापडल्याच नाहीत.

वाढपी मी बरा होतो, पण मला टिकवलं ते थापांनी. सुरूबंदरच्या खेकड्यांना नावं असतात आणि सांजवेळी हाक मारली की ते आपापल्या बिळात जातात, हे मी एका जर्मन डॉक्टरच्या गळी उतरवलं. त्यानं ते वहीत टिपून घेतलं. माझ्या आज्याच्या होडीखाली देवमासा शिंकला आणि होडी उडाली ती थेट मस्कतला, ही गोष्ट तर लोक कॉफीच्या आधी मागून घ्यायचे. आमचा मुख्य वाढपी अँसेल्म, साष्टीचा गोंयकार. तो मला थट्टेनं पात्राव, म्हणजे मालक, म्हणायचा. “पात्राव, तुझ्या जिभेला हाड नाही, आणि कंपनी तुला पगार देते तो त्याच न दिलेल्या हाडाचा.”

तर त्या सहलीत चौथ्या दिवशी मिसेस व्हिटकॉमनी मला विचारलं होतं, “चोग्ले, तुमच्याकडे लहान होडीला मोठं जहाज भेटलं तर कोळी काय करतात?”

काही करत नाहीत. शिव्या देतात, मोठ्या जहाजानं जाळी तुटतात म्हणून. पण असं सांगून सूप गोड लागतं का? मी म्हटलं, “मॅडम, कोळी अंगातला शर्ट काढतो आणि डोक्यावर हलवतो. म्हणजे, तुमचा प्रवास सुखाचा होवो. मग मोठ्या जहाजानं पांढरं फडकं हलवून उत्तर द्यायचं. नाही दिलं तर कोळ्याचं वर्ष वाईट जातं.”

“अरे देवा! मग दिलंच पाहिजे.”

नशीब बघा, दुसऱ्याच दिवशी एक इटालियन मचवा जवळून गेला. त्यावरच्या दोघांनी सहज टोप्या हलवल्या. आमच्या मंडळींनी नॅपकिन हलवले. मचव्यानं भोंगा वाजवला. त्या दिवशीचा आनंद काय सांगू! एका रिटायर जज्जसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून रोज दुपारी सगळी दुर्बिणी घेऊनच जेवायला बसायची. अँसेल्म माझ्या कानाशी म्हणाला, “तू तर नवा देव बसवलास रे इथं.”

आणि मला त्या देवाची गरज होती. मी छप्पन्न वर्षांचा. पंचावन्नानंतर वाढप्याला सहसा नवा करार देत नाहीत; पाय मंदावतात, असं त्यांचं म्हणणं. लेक पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला एकच वर्ष हवं होतं, फक्त एक. पुढच्या बंदरात कुणाला ठेवलं आणि कुणाला घरी पाठवलं त्याची यादी येणार होती. मिसेस व्हिटकॉमचा दीर कंपनीच्या वरच्या मंडळींपैकी. त्याच दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या होत्या, “मी आज जेवण झालं की पत्र लिहिते, चोग्ले. तुमच्याशिवाय ही सहल म्हणजे नुसतं पाणी.”

आणि दुपारी हे शर्ट.

“घ्या, तुम्हीही बघा,” म्हणून बाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

मी बघितलं.

मैलभरावर, ऐन उन्हाच्या झगमगाटात, एक करडी रबराची होडी होती. फुगवायची असते ना, ती. दोन्ही कडांवर माणसं इतकी दाटून बसलेली की होडी दिसत नव्हती, माणसंच पाण्यावर बसल्यासारखी वाटत होती. चार-पाच जण उभे राहून शर्ट हलवत होते. मध्ये एक बाई, तिच्या हातात पिवळंजर्द कापड. आणि मागं दोघं खाली वाकून वर, खाली वाकून वर. त्यांच्या हातात अर्धा कापलेला प्लास्टिकचा डबा चमकायचा आणि त्यातून पाणी सांडायचं.

होडीच्या मागं फेसाची रेघ नव्हती.

मी कोळ्याचा पोर. रेघ नाही म्हणजे इंजिन बंद. डबा चालतोय म्हणजे आत पाणी. आणि शर्ट. आमच्या सुरूबंदरात शर्ट काढून वल्ह्याला बांधून कोळी फक्त एकाच प्रसंगी हलवतो. बुडतोय, या. दुसरा अर्थ त्याला नाही, कधी नव्हता. ती खूण मी लहानपणापासून ओळखत होतो. तीच मी उचलली होती आणि सुपाबरोबर वाढली होती.

“काय म्हणताहेत ते?” बाईंनी विचारलं. त्यांचे गाल लाल झाले होते. “आपला प्रवास सुखाचा होवो, हेच ना?”

माझ्या एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातावर सुपाच्या सहा वाट्या. डावीकडं जज्जसाहेब नॅपकिन घुमवत “शाब्बास! शाब्बास!” ओरडत होते. कुणीतरी हसत होतं. अँसेल्म लांबून अंगठा वर करून ‘झकास’ म्हणत होता. मनात म्हटलं, वर कप्तानाच्या खोलीत रडार आहे, माणसं आहेत, ते बघतीलच. आपण वाढपी. आणि आता तोंड उघडायचं म्हणजे काय सांगायचं? मॅडम, मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं?

“हो, मॅडम,” मी म्हणालो. “तेच.”

मग मी उरलेलं सूप वाढलं.

सुपानंतर लिंबाचं सरबत येतं, बर्फाचं, चमच्यानं खायचं. त्यानंतर मासा. मासा वाढताना मी एकदा मागं वळून बघितलं. जहाज चालतच होतं, आणि तिकडं नुसता उजेड होता, डोळे दिपवणारा. मी माशातला काटा काढून दिला, पांढरी वाइन ओतली. जज्जसाहेबांनी खेकड्यांची गोष्ट मागितली, तीही सांगितली. खेकड्यांची नावं सांगताना माझा आवाज कुठून येत होता मला माहीत नाही. लोक हसले. मधल्या टेबलावर बर्फात कोरलेला राजहंस होता, त्याची मान वितळून खाली आली होती, तो अँसेल्मनं उचलून नेला.

कॉफीच्या वेळी मी जमिनीवर पडलेले नॅपकिन गोळा करायला वाकलो, तेव्हा मिसेस व्हिटकॉम आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “ती पिवळ्या कपड्याची बाई किती गोड होती नाही? आपण नॅपकिन हलवत राहिलो आणि तिनं कापड खाली घेतलं. खाली बसली. सगळेच बसले. अगदी समाधान झाल्यासारखे.”

“बसले?”

“हो ना. तो मागचा डबेवालासुद्धा. डबा ठेवून दिला आणि बसला.”

मी नॅपकिन तिथंच टाकले. मी काय विचार केला ते मला आठवत नाही. मी विचार केलाच नाही. वाढप्यानं जेवणघर सोडून पळायचं नसतं. मी पळालो. अँसेल्म ओरडला, “अरे चोगल्या! कॉफी!” मी चार जिने चढलो आणि ज्या दाराला हात लावायचीसुद्धा आम्हाला मुभा नव्हती ते दार ढकललं.

आत दुसऱ्या दर्जाचा अधिकारी होता, ग्रीक, तरुण. माझ्या पांढऱ्या कोटाकडं बघून त्याला वाटलं, कुणीतरी कॉफी पाठवली.

“होडी,” मी म्हणालो. “रबराची. बुडतेय. माणसं आहेत, खूप आहेत.”

“कुठं?”

“मागं. उजव्या अंगाला, उन्हात.”

तो रडारकडं वळला. त्यात काही नव्हतं. रबर त्यात दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या बाजूनं एक तेलाचं जहाज आडवं येत होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडं होतं.

“कधी बघितलीस?”

“सुपाच्या वेळी.”

“म्हणजे कधी?”

मी घड्याळाकडं बघितलं. पाऊण तास होऊन गेला होता.

“आणि आता सांगतोयस? इतका वेळ काय करत होतास?”

“मासे वाढत होतो, साहेब,” मी म्हणालो.

कप्तान आतल्या खोलीतून आला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं, आणि जहाज वळवायला सांगितलं. त्याच्याबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. पण असलं धूड वळवणं म्हणजे गावच वळवणं. मोठा वळसा घालून, परत त्याच पाण्यात येऊन, शोधून, सापडेपर्यंत आणखी तास गेला.

होडीची एक कड फुगलेली होती. दुसरी पाण्याखाली. फुगलेल्या कडेला चौदा माणसं लोंबकळत होती.

आमच्या लहान बोटी खाली सोडल्या. वर कठड्याला सगळे प्रवासी उभे होते, त्याच जागी. जज्जसाहेब तोंडावर हात धरून उभे होते. मिसेस व्हिटकॉमनी खांद्यावरची काश्मिरी शाल काढली आणि माझ्या हातात कोंबली. “त्यांना द्या, चोग्ले. लवकर द्या.” त्या रडत होत्या. तेवढं रडणं मी माझ्या सख्ख्या मावशीचंही बघितलेलं नाही.

त्या चौदा जणांना आम्ही खालच्या मजल्यावर धुलाईच्या खोलीत नेलं. तिथं वाफेमुळं ऊब असते. तिथला मुख्य म्हणजे भिवाजी, मॉरिशसचा मराठी. पाच पिढ्यांपूर्वी त्याचे लोक रत्नागिरीहून उसाच्या मळ्यांवर गेले. त्याला फ्रेंच फर्डी यायची आणि मराठी देवाच्या आरतीपुरती. पण मला तो ‘दादा’ म्हणायचा, आणि माझ्याशी हट्टानं मराठीच बोलायचा. त्यानं सगळ्यांना गरम चादरी गुंडाळल्या, गोड चहा पाजला.

ती पिवळ्या कापडाची बाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिशीची असेल. कापड नव्हतं आता. तिच्या खांद्यावर मी व्हिटकॉमबाईंची शाल टाकली. तिनं माझ्या कोटाकडं बघितलं, मग माझ्यामागं कपाटात रचलेल्या नॅपकिनांच्या थप्प्यांकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग ती हळूहळू फ्रेंचमध्ये बोलायला लागली.

“काय म्हणते?” मी भिवाजीला विचारलं.

“नाव मारियामा. गिनी देशाची. कपडे शिवते ती, दादा. म्हणते, होडीत पहाटेपासून पाणी. दोन माणूस पाणी काढत होते. बदलून बदलून. थांबले नाही, म्हणून होडी राहिली. आणि बाकी सगळे जहाज बघून शर्ट हलवत होते. आधी तीन जहाज गेले. कोणी उत्तर दिलं नाही.”

मारियामा बोलत होती. भिवाजी थांबून थांबून सांगत होता.

“मग तुमचं जहाज आलं, म्हणते. आणि उत्तर दिलं. पांढरं. खूप पांढरं, सगळी माणसं हलवत होती. आम्ही म्हटलं, बघितलं! बघितलं त्यांनी! येतात! मोठं जहाज आहे, वळायला वेळ लागणार. म्हणून आम्ही खाली बसलो. जे पाणी काढत होते त्यांचे हात रक्त झाले होते. आम्ही त्यांना म्हटलं, पुरे, ठेवा आता, बसा. एक बाई गाणं म्हणत होती. मग कोणी म्हणालं, जहाज ह्या बाजूला येणार, सगळे ह्या बाजूला या…”

भिवाजी तिथं थांबला. ती थांबली नव्हती, तोच थांबला.

“किती होते?” मी विचारलं.

“जेवढे आहेत, त्याच्या दोन वेळा,” तो म्हणाला. “आणि थोडे अजून.”

आता सुरूबंदरातलं जे राहिलं ते सांगतो. बुडत्या होडीवरून शर्ट हलला की आमच्याकडं टेकाडावरून पांढरा पंचा हलवतात. हा मान गावात वयानं सगळ्यात मोठा जो असेल त्याचा. पंच्याचा अर्थही एकच: दिसलात, होडी निघाली, थांबा. तो दिसला की समुद्रातली माणसं शर्ट खाली घेतात. माझ्या आज्यानं तो हलवला होता, बापानं हलवला होता. म्हणजे शर्टही खरा होता आणि पांढरंही खरं होतं. दोन्ही मी घरूनच आणलं होतं, फक्त अर्थ बदलून दिला होता, साखर घालून द्यावा तसा. आणि दुसऱ्या कुठल्या समुद्रातली माणसं, ज्यांनी सुरूबंदरचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांना पांढऱ्याचा खरा अर्थ कुणी न सांगता कळला होता.

मारियामानं माझ्याकडं बघून एकच वाक्य विचारलं.

“दादा,” भिवाजी म्हणाला, “ती विचारते, ते पांढरं काय होतं? कशाला हलवत होते?”

सव्वीस वर्षांत मला कुणी प्रश्न विचारला आणि गोष्ट सुचली नाही असं झालं नव्हतं. मी तोंड उघडलं. त्यात काही नव्हतं.

“काय सांगू, दादा?”

“सांग,” मी म्हणालो, “मला माहीत नाही. मी तेव्हा आत होतो.”

भिवाजीनं सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा त्या थप्प्यांकडं बघत राहिली. तिला पटलं की नाही मला कळलं नाही. आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी बंदरात त्यांना उतरवलं. शाल तिच्या अंगावरच होती. यादीही आली. माझं नाव होतं, एका वर्षासाठी नव्हे, तीन वर्षांसाठी. मिसेस व्हिटकॉमनी चार पानी पत्र लिहिलं होतं: जेवणघर सोडून धावत सुटलेल्या, चौदा जीव वाचवणाऱ्या वाढप्याबद्दल. कंपनीनं मानपत्र दिलं, सोनेरी चौकटीचं. निघताना बाईंनी माझे दोन्ही हात धरले. “मी खुळी,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं ते आपलं स्वागत करताहेत. तुम्हाला मात्र कळलं.” त्यांना शंका आली नव्हती, की आली होती आणि त्यांनी ती माझ्यासाठी गिळली, कुणास ठाऊक. दर नाताळाला त्यांचं कार्ड यायचं. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

सहलीच्या जहाजावर पुढं मी तीनही वर्षं वाढलं. नॅपकिनच्या होड्या मात्र केल्या नाहीत. अँसेल्मला सांगितलं, बोटं आखडतात. मी पंखे करायचो, कमळं करायचो.

ते मानपत्र घरात ओटीवर लावलंय. मी नाही, लेकीनं. पाहुणे आले की म्हणतात, “काका, ती चौदा माणसांची गोष्ट सांगा.” मी सांगतो. चार जिने चढतो, दार ढकलतो, जहाज वळवतो. लोक म्हणतात, ही तरी खरी दिसते. खरीच आहे. फक्त ती जिथून सुरू होते तिथून मी सुरू करत नाही.

गेल्या फाल्गुनात माझ्या पुतण्याची, हरेशची होडी खडकावर घासून फुटली. टेकाडावरून शर्ट दिसला. गाव धावलं. आता मीही सत्तरी ओलांडलेली, गावात वयानं सगळ्यात मोठा मीच. बायकोनं घरातून धावत आणून पंचा माझ्या हातात दिला. “हलवा ना! बघताय काय?”

मी हलवला नाही. खाली वाळूत पोरं मोठी होडी ढकलत होती, भरती उतरलेली, होडी रुतली होती. “अहो, हलवा!” बायको ओरडली. शेजारची वेणू म्हणाली, “थेरड्याचं डोकं फिरलं.” कुणीतरी माझ्या हातातून पंचा ओढायला आलं. मी तो छातीशी घट्ट धरून खाली बसलो. होडी पाण्यात गेली. इंजिन सुरू झालं. तिच्या मागं फेसाची रेघ उमटली, मी ती नीट बघितली, मग उठलो आणि हात वर केला.

संध्याकाळी हरेश तणतणत घरी आला. दोन्ही हातांना फडकी बांधलेली.

“काका, अर्धा तास! अर्धा तास टेकाडावर बघत होतो आम्ही. तुम्ही दिसत होतात, हातातला पंचा दिसत होता. का नाही हलवलात?”

“तोवर काय करत होतात?”

“काय करणार! पाणी उपसत होतो. हात सोलून निघाले, बघा.”

मी त्याचे हात माझ्या हातात घेतले. फडकी सोडून बघितलं. तळव्यांना रक्त होतं.

“उपसत होतात ना?” मी म्हणालो. “मग बरं झालं.”